जाणत्यांसाठी एक पान

टाइपरायटरवर स्पेसबार दाबला की एक घर पुढे जाता येतं. कागदावर आधी जे उमटलं आहे त्याला काही होत नाही. वर्षानुवर्षं टायपिंग केलेल्या माणसाच्या अंगठ्यात हे इतकं मुरलेलं असतं, की त्याचा विचार करायची वेळच येत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑफिसात काम केलेल्या माणसांना नव्या वर्ड प्रोसेसरसमोर बसवलं, हातात कंपनीची पुस्तिका दिली आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत काम करायला सांगितलं. पडद्यावरच्या ओळीत पुढे जायचं म्हणून अंगठा सवयीनं स्पेसबारवर जाई, आणि मजकूरच बदलून बसे. बॅकस्पेसचं तेच, रिटर्नचंही तेच. जुन्या यंत्रावर या कळा नुसतं इकडून तिकडे नेत. नव्या यंत्रावर त्या लिहिलेल्याला हात घालत.

ही माणसं कच्ची नव्हती. समास कुठे सोडायचा, पत्राचा मायना कसा बसवायचा, साहेबाच्या गिचमिड अक्षरातून नेमका शब्द कसा काढायचा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुस्तिका मात्र त्यांना बालवर्गात बसवत होती. आधी प्रस्तावना, मग यंत्राची ओळख, मग या पुस्तिकेचा उपयोग कसा करावा याची पानं, मग खोटे खोटे सराव. कॅरल यांना दिसलं ते असं, की हे कुणी वाचतच नाही. माणसं पानं उलटून थेट पत्र टाइप करायला लागतात, मध्येच अडतात, आणि अडल्यावर पुस्तिकेत बघतात तर तिथे अडलेल्यासाठी काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून त्यांनी पुस्तिका कापून काढली. प्रस्तावना गेल्या, उजळण्या गेल्या. कामाला ताबडतोब हात घालता येईल आणि चूक झाली तर तिथून मागे कसं यायचं हे कळेल, एवढं ठेवलं. त्या बारीक पुस्तिकेवर माणसं लवकर शिकली. या सगळ्या अभ्यासाचं कॅरल यांचं पुस्तक १९९०मध्ये आलं, ‘द नूर्नबर्ग फनेल’. डोक्यावर नरसाळं ठेवून वरून ज्ञान ओतायचं, अशी एक जुनी जर्मन कल्पना आहे. तिच्यावरून हे नाव.

संगणकाच्या सूचना लिहिणाऱ्या लोकांमध्ये हे पुस्तक बरंच वाचलं जातं, आणि त्यातून ‘कमी लिहा’ एवढाच धडा घेतला जातो. मला त्यातली स्पेसबारची गोष्ट जास्त मोलाची वाटते. आपल्या कामात मुरलेला माणूस संगणकासमोर अडखळतो, ते बहुतेक वेळा त्याला अगदी पक्कं माहीत असलेल्या जागी. नवशिक्याला स्पेसबार म्हणजे काय तेच ठाऊक नसतं, म्हणून तो कळेवर बोट ठेवण्याआधी थांबतो, विचारतो. जाणता थांबत नाही. त्याचा हात आधीच तिथे पोचलेला असतो.

मी ओहायोत राहते आणि हेच काम करते. यंत्रं, सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याच्या सूचना लिहिते. माझे वाचक बहुतेक करून रुग्णालयांच्या प्रयोगशाळांमधले: पॅथॉलॉजिस्ट, टिश्यूचे काप काढणारे तंत्रज्ञ, सूक्ष्मदर्शकावर दिवस काढणाऱ्या बायका. यांतल्या अनेकांना फाइल कुठे साठवली हे आठवत नाही. पण काचेवरच्या जांभळ्या-गुलाबी नक्षीत कर्करोग आहे की नुसती सूज, हे ते घटकाभरात सांगतात, आणि त्यांच्या त्या एका वाक्यावर कुणाचा तरी स्तन राहतो किंवा जातो.

या वाचकांमध्ये आपली माणसं पुष्कळ आहेत. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या लिबर्टी बेटावर नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली, आणि मुंबई, पुणे, नागपूरच्या मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेली मुलं-मुली इथे यायला लागली. मोठ्या शहरांत जागा मिळाली नाही तर ती आडगावच्या रुग्णालयांत गेली. कोळशाच्या खाणी असलेल्या तालुक्याच्या गावात, जिथे आणखी कुणी यायला तयार नव्हतं, तिथे त्यांनी हयात काढली. आणि साठी जवळ आल्यावर त्यांच्या टेबलावर संगणक आला. १७ फेब्रुवारी २००९ रोजी ओबामांनी सही केलेल्या आर्थिक मदतीच्या कायद्यात रुग्णांच्या नोंदी संगणकावर नेण्यासाठी मोठी रक्कम होती. काही वर्षांनी, न नेणाऱ्यांचे सरकारी पैसे कापले जाऊ लागले. कित्येक डॉक्टरांनी त्या सुमारास प्रॅक्टिस बंद केली. घरच्या जेवणांत, मंडळाच्या गणपतीत मी हे वाक्य ऐकलं आहे: “आता पेशंटकडे बघायचं की पडद्याकडे?” त्यात रडगाणं नव्हतं. २०१६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात चार राज्यांतल्या ५७ डॉक्टरांवरचा अभ्यास आला. रुग्णाबरोबर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणक आणि टेबलावरच्या कामात जातात, असं त्यात मोजून दाखवलं होतं.

पॅथॉलॉजीत हा बदल उशिरा आला, कारण तिथे काच होती. पेशंटच्या अंगातून काढलेल्या तुकड्याचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप, तो रंगवून काचेवर, काच सूक्ष्मदर्शकाखाली: शंभराहून अधिक वर्षं हे असंच चाललं. मग ती काच स्कॅन करून पडद्यावर पाहता येऊ लागली. एप्रिल २०१७मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा एका प्रणालीवर पहिल्या निदानालाही परवानगी दिली. मार्च २०२०मध्ये करोना पसरला तेव्हा घरी बसून स्लाइड वाचायची मुभा मिळाली, आणि जी रुग्णालयं ‘बघू पुढे’ म्हणत होती त्यांची एकदम धावपळ उडाली.

आमच्या भागातल्या एका रुग्णालयात माझं काम त्याच्या थोडं आधी सुरू झालं होतं. तिथले सर्वांत ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्ट नागपूरचे, सत्तरी ओलांडलेले. पहिल्याच भेटीत म्हणाले, “काका म्हण. आणि एक सांग, तू मला शिकवायला आलीस की माझं काम बघायला?”

“आधी बघायला,” मी म्हटलं.

“मग बस समोर.”

त्यांच्या खोलीत दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. त्यांनी मोठ्या आतड्यातल्या पॉलिपची स्लाइड ठेवली. आधी सगळ्यात कमी पॉवरवर पूर्ण तुकडा फिरून घेतला, घर घेण्याआधी माणूस आवारात एक चक्कर मारतो तसा. मग दहा, मग चाळीस. एका हातानं स्लाइड सरकत होती, दुसऱ्या हाताचं बोट फोकसच्या बारीक चाकावर. डोळे आयपीसवरून एकदाही उठले नाहीत. मी ते बोट बघत राहिले. ते थांबतच नव्हतं. पुढे-मागे, पुढे-मागे, अगदी जरासं.

“काका, तुम्ही ते चाक सारखं का फिरवता?”

“फिरवतो?” त्यांनी मान वर करून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, “अगं, काप सपाट दिसतो, पण असतो चार मायक्रॉन. त्याच्यात वर-खाली उतरून बघावं लागतं. एका पातळीवर पेशीचं केंद्रक नीट कळत नाही.” आणि थोड्या वेळानं: “चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.”

स्कॅन केलेल्या स्लाइडला, निदान तिथे घेतलेल्या यंत्राच्या स्कॅनला, ही खोली नसते. एकाच पातळीवरचं चित्र असतं. पडद्यासमोर बसलेल्या जाणत्याचं बोट मात्र चाक शोधतं. तिथे माउसला चाक असतं, ते फिरवलं की चित्र लहान-मोठं होतं, आणि जे बघत होतो ते हातचं जातं. सरकवण्याचंही तसंच. सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी दिसते. स्लाइड उजवीकडे ढकलली की चित्र डावीकडे जातं. हाताला तो उलटेपणा सरळ वाटायला लागून जन्म गेलेला असतो. पडद्यावर चित्र माउसबरोबर जातं. कंपनीच्या जाडजूड पुस्तिकेत यातलं काही नव्हतं. संगणक चालू कसा करावा, चिन्हावर दोनदा टिचकी कशी मारावी, हे होतं. प्रकरणांची नावं पडद्यावरच्या यादीतून जशीच्या तशी उचललेली: फाइल, एडिट, व्ह्यू, टूल्स. ज्याला तुकड्याचे आणखी खोल काप हवे आहेत त्यानं ते यांतल्या कुठल्या दारात विचारायचं?

त्या खोलीतली खरी पुस्तिका वेगळीच होती. पडद्याच्या चारी कडांना पिवळ्या चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. एकीवर फक्त एक बाण आणि ‘निळं, हिरवं नाही’. एकीवर कुणा तरुण सहकाऱ्याचा फोन नंबर. एकीवर मोठ्या अक्षरात, दोनदा अधोरेखित: ‘साइन आउट दाबू नये’.

शेवटच्या चिठ्ठीमागे एक किस्सा होता. पॅथॉलॉजीत केस ‘साइन आउट’ करणं म्हणजे निदान पक्कं करून अहवालावर सही करणं. सगळ्या खात्यात दिवसभर हाच शब्द कानावर पडतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये उजव्या कोपऱ्यात ‘साइन आउट’ नावाचं बटण होतं आणि त्याचं काम होतं माणसाला बाहेर काढणं. काकांनी निदान लिहिलं, ते बटण दाबलं, पडदा कोरा झाला, आणि ते समाधानानं जेवायला गेले. अहवाल सहीविना तसाच पडला होता. दुपारी सर्जनचा फोन. हे ज्या क्षणी कळलं त्या क्षणी काकांना काय वाटलं असेल, ते त्यांनी सांगितलं नाही. चिठ्ठीवरच्या दोन रेघांवरून मला कळलं. यात त्यांची चूक कुठे होती? त्यांनी जो शब्द वाचला त्याचा त्यांच्या कामातला अर्थ त्यांनी बरोबरच लावला होता. बटणाचं नाव बदला अशी मागणी आम्ही कंपनीकडे केली. तोपर्यंतच्या दिवसांसाठी सूचनेच्या पानावर ती गोष्ट सगळ्यात वर आली.

सगळी सामग्री मला चिठ्ठ्यांतून आणि त्या बोटातून मिळाली. पानं तयार झाली ती त्यांच्या दिवसाच्या क्रमानं: नवी केस आली. खोल काप हवेत. स्टेन मागवायचा आहे. दुसऱ्याचं मत हवं. केस साइन आउट करायची. अहवाल गेल्यावर काही लक्षात आलं. शेवटचं प्रकरण मी सर्वांत आधी लिहिलं. जाणत्या माणसाला यंत्र वापरताना वाटणारी भीती आपल्याला येत नाही याची कमी आणि आपल्या हातून रुग्णाचं काही बिघडेल याची जास्त असते. परतीची वाट आधी दिसली की तो पुढे निर्धास्त जातो.

पहिल्या पानावरचा चौकोन असा होता: ‘इथे फोकसचं चाक नाही. चित्र धूसर वाटलं तर दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. पुन्हा स्कॅन मागवा. शंका उरली तर काच मागवा.’ त्याखालची ओळ काकांनी सांगून लिहून घेतली. स्कॅनर आधी पूर्ण काचेचं एक लहान चित्र काढतो आणि त्यात जिथे टिश्यू दिसेल तेवढंच बारकाईनं टिपतो. चरबीसारखा फिकट तुकडा त्याच्याकडून सुटू शकतो. जे टिपलंच गेलं नाही ते पडद्यावर ‘नाही’ म्हणूनही दिसत नाही. काका म्हणाले, “नमुना आला तेव्हा किती तुकडे होते ते कापणाऱ्यानं लिहिलेलं असतं ना? तो आकडा वाच, मग लहान चित्रातले तुकडे मोज. एवढं सांग. बाकी कुणाला सांगायची गरज नाही.” त्या एका वाक्यात होती एवढी सुरक्षितता मला अख्ख्या पुस्तिकेत सापडली नव्हती.

अमेरिकेत सोप्या भाषेचा आग्रह फार आहे, आणि तो योग्यही आहे. सरकारी कागद सामान्य माणसाला कळतील असे लिहावेत, असा कायदाच २०१०मध्ये झाला. पण तोच नियम घेऊन माणसं प्रयोगशाळेत शिरतात आणि ‘म्युकोसा’ खोडून ‘आतला थर’ करतात. पॅथॉलॉजिस्टला ‘आतला थर’ वाचून थांबावं लागतं: कुठला आतला? त्याचे शब्द त्याला राहू द्यायचे असतात, अगदी कठीण असले तरी. सोपे करायचे ते संगणकाचे. ‘कॉन्फिगर’, ‘सिंक’, ‘डिफॉल्ट’ या शब्दांना पान लिहिणाऱ्यानं आपल्याकडेच अडवावं.

स्वयंपाकघरातही हेच. कमलाबाई ओगल्यांचं पाककृतींचं पुस्तक ‘रुचिरा’ १९७०मध्ये आलं, आणि इथल्या कितीतरी मराठी घरांत त्याची प्रत सुटकेसमधून आली. वाटी-चमच्याच्या नेमक्या मापानं त्यांनी स्वयंपाक न येणाऱ्या मुलीला हात धरून नेलं, आणि ते पुस्तक त्या मुलीसाठी अजोड आहे. आता तीच मुलगी सत्तरीची झाली आहे, सुनेनं तिला विजेवर चालणारा कुकर आणून दिला आहे. तिला तांदूळ किती वेळा धुवायचे हे सांगाल तर ती पान मिटून ठेवील. तिला हवं आहे एवढंच: शिट्टी होणार नाही, तर वरण शिजलं हे कशावरून ओळखायचं? चाळीस वर्षं ती शिट्ट्या मोजत आली आहे. शिट्टी गेली तिथे तिचं सगळं ज्ञान उघड्यावर पडलं, आणि पुस्तिकेला शिट्टीचा पत्ताच नाही.

जाणत्यांसाठी सूचना लिहिण्यावर सगळ्यात कळकळीनं लिहिणाऱ्यांपैकी एक आपल्याच मातीशी नातं सांगतो. डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्याच्या उटी गावचे; ओहायोतल्या अथेन्स या छोट्या गावात त्यांनी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम केलं. त्यांचा मुलगा अतुल गावंडे बोस्टनला सर्जन झाला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची सुरक्षा-यादी बनवायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा ते सिएटलजवळ बोइंग कंपनीत डॅनियल बूर्मन यांना भेटले. वैमानिकांसाठी याद्या लिहिणं हा बूर्मन यांचा व्यवसाय. गावंडे यांच्या ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या पुस्तकात त्या भेटीचा तपशील आहे आणि मी तो अनेकांना वाचायला लावला आहे. यादी एका पानात मावावी, एका थांब्यावर पाच ते नऊ गोष्टी असाव्यात, शब्द त्या पेशातलेच असावेत, आणि कितीही विचार करून लिहिली तरी प्रत्यक्षात तपासल्याशिवाय ती विमानात जाऊ नये. पहिला खर्डा नेहमी कुठेतरी फसतोच. २००८मध्ये आलेल्या त्या शस्त्रक्रियेच्या यादीत १९ बाबी होत्या. जगभरच्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८वर आलं आणि गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७वर. सर्जनना सर्जरी शिकवणारी एकही ओळ त्यात नव्हती. पुढे २०१८मध्ये याच गावंडे यांनी डॉक्टर संगणकाला का कंटाळले आहेत यावर ‘न्यूयॉर्कर’मध्ये दीर्घ लेख लिहिला. एका पानात मावणारी सूचना लिहिणारा माणूस तासन्‌तासांच्या प्रशिक्षण वर्गात बसून आला होता, हे वाचताना मला फार लागलं.

एक पान कुठल्या परिस्थितीसाठी लिहिलं आहे, हे विसरलं की जाणत्याचेही हात बांधले जातात. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या यूएस एअरवेजच्या १५४९ क्रमांकाच्या विमानावर सुमारे २,८०० फुटांवर पक्ष्यांचा थवा आदळला आणि दोन्ही इंजिनांचा जोर गेला. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी दोन्ही इंजिनं गेल्यावर करायची यादी उघडली. ही यादी २०,००० फुटांच्या वर इंजिनं बंद पडतील असं धरून लिहिलेली होती. तिथून खाली यायला वेळ असतो. इथे साडेतीन मिनिटं होती. तपासात आढळलं की यादीचा साधारण एक तृतीयांश भागच पुरा झाला; पाण्यात उतरण्याबद्दलचा भाग पुढे होता, तिथवर ते पोचलेच नाहीत. कॅप्टन सलनबर्गर यांनी मात्र यादीत बरीच पुढे असलेली एक पायरी, शेपटीतलं सहायक वीजयंत्र सुरू करण्याची, कुणी न सांगता आधीच केली होती, आणि विमानाची वीज टिकली. विमान हडसन नदीत उतरलं, १५५ जण वाचले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं नंतर कमी उंचीसाठी वेगळी यादी लिहा अशी शिफारस केली.

मी ती हकीकत वाचते तेव्हा स्काइल्स यांच्या मांडीवरचं पुस्तक मला दिसतं. त्यांच्यापाशी १५ हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता, पण या जातीच्या विमानावर जेमतेम ३७ तास. आकाशात मुरलेला आणि या कॉकपिटमध्ये नवा: माझा वाचक नेमका असा असतो. त्याच्या पुढ्यात काय ठेवायचं, हे कुणीतरी वर्षांपूर्वी, शांतपणे खुर्चीत बसून ठरवलेलं असतं. ही जबाबदारी मला हलकी कधीच वाटली नाही.

आमच्या रुग्णालयात पडद्याची आणि पानांची परीक्षा सावकाश झाली. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेनं २०१३मध्ये घालून दिलेली पद्धत अशी की किमान ६० केसेस काचेवर आणि पडद्यावर, दोन वाचनांमध्ये किमान दोन आठवडे जाऊ देऊन, त्याच डॉक्टरनं वाचाव्या आणि दोन्ही निदानं जुळतात का ते पाहावं. त्या वाचनांच्या वेळी मी शेजारी बसत असे, हात मांडीवर ठेवून. माझा नियम एकच: माउसला हात लावायचा नाही. अडलेल्या ज्येष्ठ माणसाच्या हातातून माउस काढून घेऊन “हे बघा, असं” म्हणत भराभर चार टिचक्या मारणारे तरुण मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू मदतीचाच असतो. पण त्या चार टिचक्यांत समोरच्याला काही कळत नाही, आणि आपल्याच खोलीत, आपल्याच खुर्चीवर तो पाहुणा होऊन बसतो. पुढच्या वेळी तो विचारत नाही. न विचारणारा पॅथॉलॉजिस्ट ही धोक्याची गोष्ट आहे. म्हणून काका जिथे थांबत तिथे मी पानावर खूण करत असे. थांबणं ही पानाची तक्रार होती. “हे वाक्य मला दोनदा वाचावं लागलं,” ते सांगत, आणि मी ते वाक्य बदलत असे.

पान थोडं लांबलं की त्यांना राग येई. “हे मला माहीत आहे” असं ते ज्या ओळीला म्हणत ती ओळ मी काढून टाकी, आणि ज्या ओळीला ते काहीच म्हणत नसत पण तिथे माउस क्षणभर हवेत राही, ती ओळ ठळक करी. शेवटी सगळी पानं मिळून एका पातळ वहीत मावली. ध्रुवीकृत प्रकाशाचं काय, असा प्रश्न त्यांनी अगदी शेवटी काढला. अमायलॉइड ओळखताना काँगो रेडनं रंगवलेला काप त्या प्रकाशात हिरवट चमकतो का हे बघावं लागतं, आणि आमच्या स्कॅनमध्ये ते दिसत नाही. वहीत एक पान वाढलं: या कामांना पडदा नाही, काचच. यंत्र जे करू शकत नाही त्याचं पान असल्यामुळे विक्री करणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला ते आवडलं नाही. खात्यातल्या लोकांनी त्या पानाला सगळ्यात आधी प्लास्टिकचं कव्हर घातलं.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दर काही महिन्यांनी येते, बटणं जागा बदलतात, आणि वही पुन्हा उघडावी लागते. हे काम रुग्णालयांनी कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवायला हवं. बहुतेक ठिकाणी ते कुणाचंच नसतं. यंत्रावर लाखो डॉलर खर्च होतात आणि पानं जुनी होऊन चुकीची होतात. चुकीचं पान हे नसलेल्या पानापेक्षा वाईट, कारण जाणता माणूस त्यावर एकदा विश्वास ठेवतो आणि नंतर कुठल्याच पानावर ठेवत नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या राज्यातल्या एका रुग्णालयातून विचारणा आली. तिथे तेच यंत्र घेतलं आहे, तर ती वही पाठवा, आम्ही वरचं नाव बदलून वापरतो. मी नकार दिला नाही, पण वही पाठवलीही नाही. तिथले दोघे माउसऐवजी ट्रॅकबॉल वापरतात असं बोलण्यात कळलं. केस संपवण्याला ते काय म्हणतात, मला ठाऊक नाही. तुकड्यांचा आकडा त्यांच्याकडे कापणारा लिहितो की लिहीत नाही, तेही ठाऊक नाही. मी उत्तर पाठवलं की आधी मी येऊन बसते. बसायला एक स्टूल आणि दोघांना पाहता येणारा सूक्ष्मदर्शक असला तर बरं. आणि शेवटी एक विनंती मुद्दाम वेगळ्या ओळीवर लिहिली: मी येणार म्हणून टेबलं आवरू नका, पडद्याभोवतीच्या चिठ्ठ्या आहेत तशाच राहू द्या.